'नाही' म्हणायचं बटण

आज नगरपरिषद नाही, बायपासचे खड्डे नाहीत, टँकरही नाहीत. आज व्हिडिओ गेमवर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. "दादा, तुम्ही पण आता गेम खेळायला लागलात का," असं विचारणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचून मग विचारावं.

झालं असं. २०२३ च्या गणपतीत बहिणीची मुलगी पुण्याहून आली होती. वय एकवीस, कॉम्प्युटरचं शिकते. आरती झाली, जेवणं झाली आणि ही लॅपटॉप उघडून बसली. 'बाल्डर्स गेट ३' नावाचा गेम नुकताच, ऑगस्टमध्ये, आला होता. थोड्या वेळाने हाक आली.

"मामा, इकडे ये ना. हा बघ."

पडद्यावर एक दाढीवाला जादूगार. नाव गेल. तो तिच्या टोळीतला सोबती. म्हणे, जादू शिकवायला बोलावलं आणि शिकवता शिकवता गाडी भलतीकडेच वळली.

"मी याच्याशी फक्त नीट बोलले रे. दोनदा मदत केली. एवढ्यात हा प्रेमात!"

"मग नाही म्हण."

"म्हणेन. पण हा नाराज झाला तर? आणि मी केलं काय? नीट बोलले, एवढंच. कॉलेजातही तेच, इथेही तेच."

शेवटचं वाक्य ती हसत बोलली. मला मात्र ते लागलं. का लागलं ते शेवटी सांगतो. त्याआधी या विषयाचा इतिहास, कारण त्या रात्रीपासून मी तो शोधत गेलो आणि वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, यात तुम्ही एक पात्र होता आणि ४०-५० तास, कधी शंभरही तास, एका मोठ्या कथेत राहता. सोबत टोळी असते. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. हे सोबती बोलतात, भांडतात, आपली दुःखं सांगतात. आणि काही सोबत्यांशी तुमच्या पात्राचं प्रेम जुळू शकतं. प्रश्न असा, की ते प्रेम खेळणाऱ्याच्या मर्जीने जुळतं, की गेमच्या?

सुरुवात जपानपासून करू. १९९२ साली एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट ५' आला. त्यात नायकाचं बालपण, तरुणपण आणि बाप होणं, अशी सगळी कथा आहे. मध्यावर लग्न येतं. एक बियांका, लहानपणीची मैत्रीण. दुसरी फ्लोरा, श्रीमंत घरची. दोघींतली एक निवडायची. जपानमध्ये यावर आजही हिरीरीने वाद होतात. पण दोघींनाही नको म्हणायची सोय नाही. कारण सरळ आहे. कथेतला खरा दैवी वीर तुम्ही नाहीच, तुमचा मुलगा आहे. लग्न नाही तर मुलगा नाही, मुलगा नाही तर गेम पुढे सरकत नाही. २००८ च्या नव्या आवृत्तीत डेबोरा नावाची तिसरी मुलगी आली. स्थळं वाढली, नकार आला नाही. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमांची आठवण झाली तर दोष माझा नाही.

पण हेही सांगतो, त्या सक्तीतच त्या कथेची ताकद आहे. लग्न, मुलं, पिढी, यावरच ती उभी आहे. म्हणून सक्ती म्हटली की वाईटच, असं मी म्हणणार नाही. निदान तिथे समोरासमोर विचारतात तरी.

१९९७ चा 'फायनल फँटसी ७' विचारतही नाही. कथेत एक मोठी जत्रा आहे, गोल्ड सॉसर. तिथे रात्री कोणीतरी तुम्हाला फिरायला नेतं. कोण नेणार हे तोवर दिलेल्या छोट्या छोट्या उत्तरांवरून ठरतं. आत छुपे गुण मोजले जात असतात, पडद्यावर काही दिसत नाही. आयरिस, टिफा, युफी, आणि मुलींशी फटकून वागलात तर बॅरेट नावाचा दांडगा गडी! कोणी ना कोणी येणारच.

आता आमच्या पिढीकडे. १९९५ साली कॅनडातल्या एडमंटन शहरात तीन डॉक्टरांनी मिळून बायोवेअर नावाची कंपनी काढली. त्यांचा १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' गाजला, त्यात सोबती होते पण प्रेमप्रकरणं नव्हती. २००० सालच्या दुसऱ्या भागात ती आली आणि तिथून पाश्चात्त्य आरपीजीत 'रोमान्स' ही जवळजवळ प्रथाच पडली. पुरुष पात्र घेतलं तर तीन बायका: जाहेरा, एरी, विकोनिया. स्त्री पात्र घेतलं तर एकच पर्याय, अनोमेन. समलिंगी नातं नव्हतंच.

हा गेम मी स्वतः खेळलोय. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना रूम पार्टनरने जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता, त्यावर. सीडी कुठून आणल्या हे विचारू नका, तेव्हा सगळ्यांच्याच तिथून यायच्या. जाहेराचा नवरा गेमच्या सुरुवातीलाच मारला जातो. मला त्या बाईची दया आली. ती बोलायला आली की मी चांगली उत्तरं निवडायचो. काही दिवसांनी कळलं की गेमने माझ्या नकळत घड्याळ लावलंय. ठरावीक वेळ गेला की ती आपोआप पुढचं बोलणं काढायची, आणि प्रत्येक बोलणं विधवेच्या दुःखाकडून माझ्याकडे सरकत होतं. एखादं तुसडं उत्तर दिलं की सगळं बंद, पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे प्रेम नको असेल तर दुःखात असलेल्या बाईशी वाईट वागा. मधला रस्ता मला तरी सापडला नाही.

या मधल्या रस्त्याचाच पुढचा वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे.

तो का सापडत नव्हता, हे जरा यंत्राच्या बाजूने बघू. बऱ्याच गेममध्ये सोबत्याच्या मनात एकच आकडा असायचा. तुम्ही त्याला आवडेल असं वागलात की तो वाढतो, भेट दिली की वाढतो. बायोवेअरच्याच २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये तो उणे १०० ते अधिक १०० असा होता. हा आकडा मैत्रीचाही आणि प्रेमाचाही. एका उंबरठ्यापलीकडे गेला की मैत्रीचा रंग बदलायचा. म्हणजे गेमच्या हिशेबात 'खूप जवळचा मित्र' अशी जागाच नाही. मैत्री म्हणजे प्रेमाच्या अलीकडचा स्टॉप. इंग्रजीत खेळणाऱ्यांनी या प्रकाराला 'निन्जामान्स' असं नाव ठेवलं, निन्जासारखा पाठीमागून येणारा रोमान्स.

दुसरं कारण पैशाचं. 'मैत्रीच ठेवू' असं उत्तर द्यायचं तर त्यापुढचे प्रसंग पुन्हा लिहावे लागतात, कलाकारांकडून पुन्हा बोलून घ्यावे लागतात. एकच रस्ता बांधायचा तर तो प्रेमाचा बांधतात, कारण जाहिरातीत तोच दिसतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण 'पर्सोना ३'. ॲटलस कंपनी, २००६. तुम्ही शाळेतला मुलगा. दिवसा शाळा, रात्री राक्षसांशी लढाई. दिवसा माणसांशी नाती जोडली की रात्रीची तुमची ताकद वाढते. कल्पना फार सुंदर आहे. माणसं जोडा, बळ मिळेल. पण टोळीतल्या किंवा वर्गातल्या मुलीशी नातं शेवटपर्यंत न्यायचं तर ते प्रेमच होणार. मैत्रीण म्हणून शेवट गाठता यायचा नाही. ताकद हवी तर प्रेम करा, आणि ताकद सगळ्यांकडून हवी तर सगळ्यांशी करा. वर एकीला कळलं की ती रुसणार! पोरांनी करायचं काय?

२००८ च्या 'पर्सोना ४'मध्ये हे सुधारलं. नातं खोल गेलं की एका वळणावर गेम तुम्हाला विचारतो, आणि मैत्री निवडली तरी नातं पूर्ण होतं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली, 'पर्सोना ३ रीलोड', तेव्हा त्या जुन्या कथेतही 'मित्रच राहू' हा पर्याय घातला. मूळ गेमनंतर सतरा-अठरा वर्षांनी. कोणाला हे किरकोळ वाटेल. पण सतरा-अठरा वर्षांनी का होईना, मुलाने मुलीला सांगायची मैत्रीची वाक्यं कोणीतरी बसून लिहिली, ही मला बातमी वाटते.

आता आमच्या धंद्याची लाज काढणारा प्रसंग. २००७ मध्ये बायोवेअरचा 'मास इफेक्ट' आला, अंतराळातली कथा. त्यातही प्रेमप्रकरण होतं. खेळणाऱ्याने तो रस्ता धरला तरच शेवटाकडे एक छोटासा शृंगाराचा प्रसंग यायचा, नाही धरला तर काहीच नाही. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या फॉक्स न्यूजवर यावर चर्चा झाली. सूर असा, की मुलांच्या हातात अश्लील गेम आलाय. त्या चर्चेत गेमवर टीका करणाऱ्या बाईंनी गेम खेळलेलाच नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं.

आपणही वेगळे नाही. आपल्याकडे गेमची बातमी म्हणजे २०२० ची पबजीबंदी, नाहीतर रमीत पैसे बुडाल्याची. बातमी खोटी नसते. पण आत काय चाललंय हे आम्ही बघत नाही. त्या दिवशी फॉक्सवर 'प्रसंग आहे की नाही' यावर रण पेटलं. 'तो टाळता येतो का, आणि टाळल्यावर काय होतं' हे खरं विचारायला हवं होतं.

टाळल्यावर काय होतं, याचा नमुना २०१० च्या 'मास इफेक्ट २'मध्ये आहे. गॅरस नावाचा तुमचा जुना साथीदार, एकदम जिगरी. स्त्री पात्र घेतलं तर त्याच्याशी प्रेम जुळू शकतं आणि मग बोलायला भरपूर. पुरुष पात्र घेतलं तर त्याच्याकडचं बोलणं लवकर संपतं. मग कधीही जा, तो जहाजाच्या तोफा जुळवण्याच्या कामात. जगभर याचा विनोद झाला. पण विनोदाच्या आत तक्रार आहे. मैत्रीला संवाद कमी, प्रेमाला जास्त.

२०११ चा 'ड्रॅगन एज २' दोन पावलं पुढे आणि एक मागे गेला. पुढे असं, की बोलण्याच्या पर्यायांसमोर चिन्हं आली. प्रेमाच्या दिशेने जाणाऱ्या उत्तरासमोर बदामाचं चिन्ह. म्हणजे आपण काय बोलतोय हे बोलायच्या आधी कळतं. मागे असं, की अँडर्स नावाचा सोबती स्वतःहून पुढे येतो आणि तुम्ही नकार दिलात तर तुमच्याबद्दलची त्याची कटुता वाढते. यावर मोठं वादळ उठलं. काही पुरुष खेळाडूंचा राग वेगळाच होता. पुरुषाने पुरुषाला विचारलंच कसं? गेमचे मुख्य लेखक डेव्हिड गेडर यांनी जाहीर उत्तर दिलं. आशय असा, की गेम सगळ्यांसाठी आहे, बहुसंख्यांना झुकतं माप मिळणं हा हक्क नाही. ते उत्तर मला पटतं. पण त्या गोंधळात दुसरा, रास्त मुद्दा झाकला गेला. विचारणारा कोणीही असो, नकाराचा दंड का?

तीन वर्षांनी, २०१४ च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये याचं उत्तर आलं असं मला वाटतं. तिथे सोबत्यांनाही आपापली आवड आहे. डोरियन समलिंगी आहे, त्याला पुरुषच आवडतात. कसँड्रा नावाची कडक योद्धा, तिला फक्त पुरुषांत रस. तुमचं पात्र स्त्री असेल आणि तुम्ही तिच्याशी बदामवाली वाक्यं बोलत राहिलात, तर ती एके दिवशी तुम्हाला थांबवते आणि सांगते, हे माझ्याकडून होणार नाही. तिचा आवाज चढत नाही, ती टोळी सोडून जात नाही. मैत्री जिथल्या तिथे राहते.

ऐच्छिक म्हणजे फक्त माझ्या इच्छेचं नव्हे. समोरच्याच्याही इच्छेचं. सगळे सोबती सगळ्यांना कधीही उपलब्ध, असं ठेवलं तर ती माणसं राहत नाहीत. बिस्किटं टाकणारं मशीन होतं, नाणं टाका, पुडा घ्या. सगळं ऐच्छिक केल्याने प्रेमाला वजन राहत नाही अशी टीका होते, ती याच अर्थाने खरी आहे. त्यावर उपाय सक्ती हा नाही. समोरच्यालाही 'नाही' देणं, हा आहे.

काहींनी तर रोमान्सच काढून टाकला. ऑब्सिडियन कंपनीने 'पिलर्स ऑफ इटर्निटी'साठी २०१२ मध्ये लोकवर्गणी काढली, जवळपास ४० लाख डॉलर जमले. २०१५ ला गेम आला, त्यात सोबत्यांशी प्रेमप्रकरण नाही. कथा तरीही भरलेली. त्यांच्याच २०१९ च्या 'द आउटर वर्ल्ड्स'मध्ये पार्वती नावाची मेकॅनिक आहे. हो, पार्वतीच. तिच्यावर तुम्ही प्रेम करू शकत नाही. ती दुसऱ्याच एका बाईच्या, जुनलीच्या, प्रेमात आहे आणि शारीरिक संबंधात आपल्याला रस नाही हे ती चाचरत तुम्हाला सांगते. तुमचं काम काय? तिला धीर द्यायचा, जेवणाचं सामान जमवायचं, चांगला कपडा शोधायचा. थोडक्यात, मित्राने करायची धावपळ. ज्यांनी मित्राच्या लग्नात मंडपापासून केटरिंगपर्यंत सगळं बघितलंय त्यांना ही भूमिका लगेच समजेल. आपल्या पुण्यात बनलेला २०२० चा 'राजी' आरपीजी नाही, पण तो अख्खा गेम बहिणीने भावाला शोधण्यावर उभा आहे. नाती काय एकाच प्रकारची असतात?

सगळ्यात सोपा उपाय मात्र एका शेतकी गेममध्ये सापडला. 'स्टारड्यू व्हॅली', २०१६, एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने केलेला. गावातल्या लोकांशी मैत्री वाढते तसे बदाम भरतात. लग्नाच्या बारा उमेदवारांचे बदाम आठवर अडतात. कितीही भाज्या भेट द्या, पुढे जात नाहीत. पुढे जायचं तर दुकानातून पुष्पगुच्छ विकत घ्यायचा आणि हातात द्यायचा. लग्नासाठी आणखी वेगळी वस्तू. म्हणजे चुकून काही होत नाही. नीट बोलणं म्हणजे नीट बोलणं, गुच्छ म्हणजे गुच्छ. २०१९ च्या अपडेटमध्ये क्रोबस नावाच्या विचित्र प्राण्याला नुसता सोबती म्हणून घरात राहायला आणायचीही सोय झाली. लग्न न करताही गेम खुशाल चालतो. फक्त तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन हिशेब मांडतो, त्यात लग्नाचा एक गुण असतो. आजोबा कुठलेही असोत, विषय तोच!

आता पुन्हा भाचीकडे. त्या गेलचं काय झालं? बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचे प्रमुख स्वेन विंके यांनी नंतर मुलाखतीत मान्य केलं, की सुरुवातीच्या आवृत्तीत सोबत्यांचे उंबरठे फार खाली राहिले होते, तो बग होता. कंपनीने दुरुस्ती केली. म्हणजे माझ्या भाचीची काही चूक नव्हती. ती नीट बोलली, त्याचा अर्थ यंत्राने चुकीचा लावला.

आणि आता ते वाक्य मला का लागलं ते.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. तालुक्यातल्या एका मुलीवर हल्ला झाला. मुलगी वाचली. बातमी मी केली. मथळा आमच्या धंद्यात तयारच असतो: 'एकतर्फी प्रेमातून'. चौकीवर मिळालेली माहिती जशीच्या तशी उतरवली आणि त्यात एक ओळ लिहिली, की दोघांची ओळख होती आणि ती त्याच्याशी बोलत असे. दोन दिवसांनी तिचे वडील ऑफिसात आले. भांडले नाहीत. पेपर टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, बोलत असे म्हणजे काय लिहिलंत? ती सगळ्यांशीच बोलते."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्याही डोक्यात तो एकच आकडा होता. बोलणं वाढलं, म्हणजे काहीतरी असणार. उंबरठा खाली होता. आणि तो बग माझ्यात होता, छापून गावभर वाटला गेला.

गेम खेळून पोरं सुधारतात किंवा बिघडतात, असं मी म्हणत नाही. पण शंभर तास ज्या जगात राहायचं, तिथे 'नीट बोललं की प्रेम' हा नियम आहे, की 'विचारा, ऐका, आणि नाही म्हटलं तर मित्र राहा' हा नियम आहे, यात फरक आहे. गेम बनवणाऱ्यांनी हा फरक तीस वर्षांत चुकत-माकत शिकून घेतला. आपल्या घरात, कॉलेजच्या कट्ट्यावर, आणि हो, आमच्या बातम्यांत तो कधी येणार?

भाचीने त्या रात्री गेलला नकार दिला. मी शेजारी बसून बघत होतो. तो जरा ओशाळला, सावरला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा टोळीबरोबर चालायला लागला.

"बघ मामा," ती म्हणाली, "एवढंच तर पाहिजे असतं."

तुमच्या घरातली पोरं काय खेळतात, एकदा शेजारी बसून बघा. आणि काय दिसलं ते खाली लिहा. पाणीपुरवठ्यावर उद्या लिहितो, वचन.